पाण्याकाठचा जोडबंगला

'जलाशयाला लागून, डोंगराच्या कुशीत, दोन कुटुंबांसाठी टुमदार जोडबंगला. कलावंतांची शांत वसाहत. वीकेंडला या, कायमचे रमा.' डिंभ्याच्या रस्त्याला, जुन्नरहून माणिकडोहकडे जाताना, माळशेजच्या वाटेवर पिंपळगाव जोगे धरणाच्या काठाने, थोड्याफार फरकाने अशाच मजकुराचे फलक आणि मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती. घराचं वर्णन एका ओळीत उरकलेलं असतं आणि पाण्याचं चार ओळींत. फोटोत घर कोपऱ्यात, उरलेलं सगळं निळंशार. भाव लावलाय तो पाण्याला, आणि माझं भांडण नेमकं तिथे आहे. जे पाणी दाखवून हे घर विकलं जातंय ते विकणाऱ्याच्या मालकीचं नाही, विकत घेणाऱ्याच्या मालकीचं कधी होणारही नाही. तरी पैसे त्याचेच घेतले जातात.

या पाण्याखाली काय आहे, ते आधी सांगतो. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, मोठा बाजार मंचरला आहे आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पोटात आहे. घोड नदी अडवली, साडेतेरा टीएमसीचा साठा झाला आणि गाव, आजूबाजूच्या वाड्या, भातखाचरं, आंब्याची-हिरड्याची झाडं, देवळं, मसणवटे सगळं खाली गेलं. बुडालेल्यांत मोठा भरणा महादेव कोळी समाजाचा. जलाशयाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि जिवाला मुकले. फलकावर मात्र हे नाव क्वचितच दिसतं. तिथे 'लेक व्ह्यू' असतं.

ज्या वर्षी पाणी फार खाली जातं, त्या वर्षी जुन्या आंबेगावच्या खुणा उघड्या पडतात. घरांचे चौथरे, देवळांचे घडीव दगड. पुण्याकडची मंडळी फोटो काढायला येतात. पण त्याच गाळातून अनवाणी चालत जाणारं एखादं म्हातारं माणूस नातवाला हाताने दाखवतं, इथे आमची ओसरी, इथे बैल बांधायचो, ही पायरी तेवढी राहिली बघ. मग त्या पायरीवर पाच मिनिटं बसतं. पाऊस लागला की ती पायरी पुन्हा वर्षभरासाठी किंवा चार वर्षांसाठी जाते. हे एकदा पाहिलं की 'जलाशयाला लागून टुमदार' हे शब्द गळ्याखाली उतरत नाहीत.

मध्यंतरी ओळखीतले दोन साडू माझ्याकडे आले. दोघेही पिंपरी-चिंचवडला नोकरीला, माणसं सरळ. दोघी बहिणींनी मिळून हौस धरली होती, सुट्टीला मुलांना घेऊन जायला पाण्याकाठी एक घर असावं, दोघांत मिळून. एजंटाने वीस गुंठे दाखवले होते. मधे एक सामाईक भिंत, दोन्हीकडे दोन दारं, पुढे एकच अंगण, खाली थेट पाणी.

"दादा, जागा एक नंबर आहे," थोरला म्हणाला. "तुम्ही फक्त कागदावर एकदा नजर टाका."

मी सातबारा मागितला. मोबाइलवर होता. असा सातबारा वाचताना माणसं गट नंबर बघतात, क्षेत्र बघतात, मालकाचं नाव बघतात आणि फोन बंद करतात. मी आधी दोन ठिकाणी नजर टाकतो. एक, भोगवटादार वर्ग. दोन, उजवीकडचा 'इतर अधिकार' हा रकाना. या सातबाऱ्यावर वर्ग होता २, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. खातेदारांची नावं सात, त्यात तीन बहिणींची, क्षेत्र सामाईक. आणि इतर अधिकारात कलम ३६अ चा उल्लेख, म्हणजे जमीन आदिवासी खातेदाराची.

"एजंट काय म्हणाला?"

"म्हणाला, सातही जण आपलेच आहेत, सह्या घेतो. कुलमुखत्यारपत्र करू. सध्या पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, मग नंतर बघू."

या 'नंतर बघू'वर किती घरं उभी आहेत देव जाणे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ३६अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि त्या परवानगीला राज्य सरकारची आधीची मान्यता लागते. विक्रीच नाही, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळ्याला हे लागू आहे. पाच वर्षांच्या आतल्या भाडेपट्ट्याला आणि गहाणाला तेवढी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी पुरते. ही वाट चुकवून व्यवहार केला तर चौकशी होऊन जमीन मूळ खातेदाराला परत जाऊ शकते, वर बंगला असला तरी. कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितलं की मुखत्यारपत्र आणि साठेखताच्या जोडीवर मालकी मिळत नाही, मालकी नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच मिळते. पाचशेच्या स्टॅम्पवर मिळते ती फक्त एजंटाला दलाली.

धाकटा साडू म्हणाला, "पण दादा, तिथे तर रांगेने बंगले आहेत."

आहेत. त्या रांगेतल्या प्रत्येकाचा कागद मी पाहिलेला नाही, काहींचे चोख असतीलही. सगळीच जमीन आदिवासींची नाही आणि सगळेच व्यवहार खोटे नाहीत. पण शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपलं कायदेशीर होत नाही. आणि या पश्चिम पट्ट्यात, जो अनुसूचित क्षेत्रात येतो, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला पाहिजे. तो विचारायचा टाळतात, कारण उत्तर माहीत असतं.

बरं, समजा जमीन आदिवासीची नाही, साध्या कुणब्याची आहे, वर्ग १ ची आहे. तरी दोन साडूंचा जोडबंगला सरळ उभा राहत नाही. पहिली गोष्ट, दोघांपैकी शेतकरी कोण? कुळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दुसरी गोष्ट तुकडेबंदी. १९४७ चा कायदा आहे आणि २०२३ मध्ये सरकारने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं किमान क्षेत्र ठरवलं. हे वीस गुंठे जिरायत. म्हणजे ती जमीन दोघांच्या नावावर एकत्र चढेल, पण निम्मी-निम्मी कधी होणार नाही. घराच्या मधोमध तुम्ही नऊ इंची भिंत घाला, सातबाऱ्यावर ती भिंत नसते. एकाला कर्ज हवं, बँक दुसऱ्याची सही मागणार. एकाला विकायचं, तर घेणाऱ्याला काय देणार, अविभक्त हिस्सा? तो कोण घेतो? साडू-साडूंचं पटतं, बायका सख्ख्या बहिणी आहेत, आज काही अडत नाही. यांची मुलं मावसभावंडं आहेत आणि त्यांची मुलं एकमेकांना लग्नकार्यात ओळखतील. त्या वेळी त्या एका सातबाऱ्यावर वीस नावं असतील. विकणाऱ्या सात जणांचं जे झालंय तेच दोन पिढ्यांत यांचं होणार आहे, फरक इतकाच की त्यांच्या पाठीशी निदान गाव होतं.

दोघी बहिणींना मी हे सांगितलं तेव्हा धाकटीने एकच विचारलं, "मग पाण्यापर्यंतची जागा तरी आपली असते ना?"

नसते. धरणासाठी जमीन संपादित झाली ती पाणी पूर्ण भरल्यावर जिथवर येतं तिथवर, आणि ती सगळी पाटबंधारे खात्याकडे आहे. 'खाली थेट पाणी' असं जे दाखवतात, तो उतार सरकारचा असतो. पाण्यात मोटर टाकायची तर खात्याची परवानगी आणि पाणीपट्टी. जाहिरातीतला फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. धरण काठोकाठ, काठावर हिरवळ. हीच जागा मे महिन्यात जाऊन बघा. पाणी उतरून उतरून दरीच्या तळाशी गेलेलं असतं, घरापासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळाचा लांबच लांब पट्टा आणि त्यात बुडून काळ्या पडलेल्या झाडांचे बुंधे. हे पाणी तुमच्या खिडकीसाठी साठवलेलं नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणं मिळून कुकडी प्रकल्प होतो आणि त्याच्या आवर्तनावर जुन्नर-आंबेगावपासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती डोळे लावून असते. डिंभे ते माणिकडोह बोगदा व्हावा की होऊ नये यावर तीन जिल्ह्यांचे पुढारी वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसतात. या पाण्याच्या थेंबाथेंबाला दावेदार आहे. एकच माणूस या भांडणात कुठे दिसत नाही: ज्याचं घर या पाण्याखाली आहे तो. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. डोळ्यांसमोर पाणी आणि डोक्यावर हंडा, हे पश्चिम आंबेगावात आजही आहे.

आणि तो भेगाळलेला गाळाचा पट्टा, ज्याला एजंट 'उन्हाळ्यात थोडं पाणी हटतं' म्हणून उडवून लावतो, तो रिकामा नसतो. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी मागे सरकेल तसतशी ओलाव्यावर पेरणी करायची, गहू, हरभरा, जे साधेल ते. पाऊस यायच्या आत काढून घ्यायचं. ही जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने मिळते आणि तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा आहे. हा हक्क कोणी आपणहून दिला नाही. 'शाश्वत' संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी इथल्या आदिवासींबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा बुडालेल्या शेताचा काही महिन्यांचा वापर बुडालेल्या माणसाला मिळाला. जलाशयातली मासेमारी ठेकेदाराच्या हातून सुटून आदिवासींच्या सहकारी संस्थेकडे यावी, यासाठीही असाच लढा झाला. या कामाची दखल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने घेतली आणि २०१२ चा इक्वेटर पुरस्कार 'शाश्वत'ला मिळाला. जगाने वाखाणलेली ही गोष्ट डिंभ्याच्या काठावर घडली. तिथल्या जोडबंगल्याच्या माहितीपत्रकात तिला एक ओळ मिळत नाही.

आता त्या काठावर तारेचं कुंपण घातलं की काय होतं ते सांगतो. होडी लावायची जागा जाते. जाळी वाळवायची जागा जाते. गाळपेरीला खाली उतरायची पायवाट जाते, गुरं पाण्यावर न्यायची वाट जाते. कोणीतरी आत स्पीकर लावतो आणि बाहेर पाटी लावतो, 'खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद'. ज्यांच्या आजोबांची ओसरी त्या पाण्याखाली आहे, त्यांनाच त्यांच्या पाण्याकडे जायची बंदी. मला याचा संताप येतो आणि तो आवरायचं काही कारण मला दिसत नाही.

जाहिरातीत 'कलावंतांची वसाहत' असंही म्हटलेलं असतं, त्याबद्दल दोन शब्द. बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगात वारली चित्रं काढतात, की झाली कला. वारली लोक डहाणू-तलासरी-जव्हारकडचे. इथे राहतात महादेव कोळी आणि ठाकर. एका आदिवासींची चित्रं आणून दुसऱ्या आदिवासींच्या जमिनीवर सजावट करायची, यात दोघांचाही मान नाही. कला हवी असेल तर आषाढात भातलावणीच्या वेळी खाचरात कंबरेत वाकलेल्या बायांची गाणी ऐका. खरोखरच नदीकाठचं कलावंतांचं गाव बघायचं असेल तर मीना नदीकाठच्या नारायणगावला जा. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. पाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या गावच्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी अखेरची वर्षं त्यांनी ओढाताणीत काढली आणि २००२ मध्ये त्या गेल्या. कलेवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी पाण्याकाठच्या बंगल्यातून थोडा वेळ काढून कलावंत म्हातारपणी कुठे राहतो, त्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे का, हेही विचारावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती हळू आवाजात सांगण्यासारखी नाही. माळीण याच तालुक्यात आहे, याच धरणाच्या वरच्या अंगाला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. कारणांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. पाऊस, चढ, मातीचा पोत, डोंगरावर फिरलेली यंत्रं. त्यानंतरही 'व्ह्यू' मिळावा म्हणून उतारात जेसीबी घालून सपाटी काढतात, ओढ्याची वाट भरावाने बुजवतात आणि त्यावर दोन मजले चढवतात. पावसाळ्यात तो ओढा आपली जुनी वाट शोधत येणारच. जोडबंगला घेणाऱ्याने दुपारच्या उन्हात जागा बघू नये. जुलैत, चार दिवस संततधार लागल्यावर येऊन बघावी आणि मागच्या डोंगराकडेही बघावं.

म्हणजे बाहेरच्याने इथे येऊच नये, असं मी म्हणत नाही. जुन्नर हा २०१८ मध्ये राज्यातला पहिला विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला आणि मला त्याचा आनंद आहे. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट बघायला माणसं येणार, राहणार, चार पैसे सोडणार. पण दोन कुटुंबांचं घर म्हणजे शहरातली दोन कुटुंबंच का? त्यातलं एक इथलं का नसावं? दोन खोल्या पाहुण्यांसाठी, दोन घरच्यांसाठी. जमीन ज्याची त्याच्याच नावावर. जेवण मावशींच्या चुलीवरचं, इंद्रायणीचा भात, तळ्यातला मासा, बाजरीची भाकरी. सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलंच आहे, आदिवासी विकास खात्याच्या योजना आहेत. त्यातून असं घर उभं करायला बँकेने आणि पंचायतीने हात द्यावा. सुट्टीचे दोन दिवस तसेच मिळतील, पाणी तेवढंच निळं दिसेल. कंपाऊंड लागणार नाही.

मी त्या साडूंना हेच सुचवलं. थोरला थोडा नाराज झाला. त्याला 'आपलं' म्हणायला काहीतरी हवं होतं, आणि दोन खोल्यांच्या भाड्यात तर त्याचं काहीच 'आपलं' होणार नव्हतं. मला ती नाराजी कळते. आयुष्यभर हप्ते भरून फ्लॅटमध्ये राहिलेल्या माणसाला मातीचा एक तुकडा हवासा वाटतो. पण त्या हौसेची किंमत कोणी मोजायची, हे त्यानेच ठरवून चालणार नाही. धाकटीने मात्र मला फोन करून विचारलं, की दिवाळीला राहायला तसं कुठलं घर मिळेल का. मी दोन ठिकाणं सांगितली.

आता मागणी. पाटबंधारे खात्याने डिंभे, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगेच्या काठाने संपादनाच्या हद्दीचे दगड पुन्हा रोवावेत, ठळक रंगवावेत आणि त्या हद्दीला लागून असलेल्या गट नंबरांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. तलाठ्याने वर्ग २ आणि कलम ३६अ असलेल्या जमिनींची वेगळी यादी त्याच फलकावर द्यावी, म्हणजे एजंटाला 'नंतर बघू' म्हणता येणार नाही. सह दुय्यम निबंधकाने साठेखत नोंदवताना हाच रकाना आधी वाचावा. आणि पेसा कायदा १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार देतो, राज्याचे नियम २०१४ पासून आहेत. काठावरच्या गावांनी हा अधिकार पुढच्या ग्रामसभेतच वापरावा. होडीची जागा, गुरांची वाट आणि गाळपेरीला उतरायची पायवाट कायम खुली राहील, असा ठराव करून त्याची प्रत प्रांताधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी.